नकाराची जागा

“मराठी की इंग्रजी, एवढंच आज ठरवायचं आहे,” डॉ. निलोफर तांबोळी म्हणाल्या. “दोन्ही देता येणार नाहीत.”

महानंदाने शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, ओठाचा एक कोपरा ओघळलेला, कपाळावर सकाळी तिनेच लावलेली विभूती. मल्लिनाथ उंबरजे. बार्शीतल्या दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलेले उंबरजे सर. मेंदूत रक्ताची गुठळी होऊन उजवं अंग लुळं पडलं, त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळीही गेली. त्यांच्याजवळ आता चार-पाच शब्द उरले होते. ‘अगं’, ‘थांब’, ‘काय ते’, आणि एक शिवी, जी त्यांनी उभ्या आयुष्यात कधी तोंडातून काढली नव्हती. चहा हवा का विचारलं की मान ‘हो’ म्हणून हलायची आणि कप पुढे केला की तो ढकलला जायचा. अशा रुग्णांची मान भरवशाची नसते, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

“इंग्रजी कशाला?” महानंदाने विचारलं. “आम्ही घरात कधी इंग्रजी बोललो नाही. मला तर येतच नाही.”

डॉक्टरांनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर सरांच्या मेंदूचं चित्र होतं, कपाळामागे डावीकडे काळा डाग.

“शब्द एकीकडे असतात आणि वाक्याचे साचे दुसरीकडे. सरांचे शब्द शाबूत आहेत. ग्लास दिसला की ग्लास म्हणजे काय ते त्यांना कळतं, तहान लागलेली कळते. हे सगळं एका ओळीत लावून तोंडापर्यंत पोचवणारा भाग गेलाय. मराठीचा साचा सगळा तिथेच होता. बाळपणीची भाषा अशीच एका जागी खोल बसते. इंग्रजी ते मोठेपणी शिकले आणि मग आयुष्यभर फळ्यावर तीच ती वाक्यं घोटून घेतली. कोण काय करतो. काय कोणाचं आहे. काय कशावर, कशाखाली, कशात आहे. ते साचे थोडे बाजूला बसलेत. हा हिरवा पट्टा दिसतोय ना? ते अजून जिवंत आहेत.”

“मग यंत्र काय करणार?”

“कवटीखाली एक पातळ जाळी बसवायची. ती मागच्या भागातून शब्द वाचते, या हिरव्या भागातल्या साच्यात बसवते आणि ओठांना, जिभेला हलायला लावते. आवाज त्यांचाच. जुन्या यंत्रांत माणसं अर्ध्या वाक्यावर अडकून रडकुंडीला यायची. यात तसं होत नाही, सुरू झालेलं वाक्य शेवटपर्यंत जातंच. फक्त ते बारीकसारीक शब्द असतात ना इंग्रजीत, ‘द’, ‘इज’, ‘ऑफ’ असले, ते मेंदूतून नीट वाचता येत नाहीत. ते यंत्र आपणहून भरतं.”

“आणि मराठी?”

“ज्या वाटेने रोज वर्दळ असते ती रुंद होते, शेजारची बुजते. तुमचं मराठी त्यांना आज जेवढं समजतं तेवढं समजत राहील. पण हे जे चार शब्द ते बोलतात, ते बहुधा जातील. ते जे बोलतील त्याचं मराठी तुमच्या कानात ऐकू येईल, त्याचं छोटं यंत्र मिळतं.”

“मराठीतच बोलतील असं काही करता येत नाही का?”

“प्रयत्न करता येईल. वर्षं जातील. आणि हाताला काही लागेल असं मी म्हणणार नाही.”

“अगं,” सर म्हणाले. त्यांनी डावा हात उचलून काहीतरी दाखवलं. दाराकडे, की पडद्याकडे, की तिच्याकडे, ते दोघींनाही कळलं नाही.

महानंदाने सही केली.

*

शस्त्रक्रियेनंतर पहिलं वाक्य आलं ते दवाखान्यातल्या खोलीत. सर टेबलाकडे बघत होते. ओठ थरथरले, आणि पूर्वीच्याच खणखणीत, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते म्हणाले, “द ग्लास इज ऑन द टेबल.”

“पेला टेबलावर आहे,” महानंदाच्या कानात एक गुळगुळीत बायकी आवाज बोलला.

ती हसली आणि रडली. तिने पेला उचलून त्यांच्या ओठाला लावला तेव्हा ते सगळं पाणी प्यायले. म्हणजे पाणीच हवं होतं. म्हणजे बोलले ते खरंच बोलले!

घरी आल्यावर गल्लीतली माणसं ऐकायला येऊ लागली. सरांच्या हाताखालून गेलेले, आता केस पांढरे झालेले विद्यार्थी समोर बसत आणि सर म्हणत, “माय राइट लेग इज वीक. माय वाइफ मेक्स गुड टी.” सगळे टाळ्या वाजवत. दुपारी दोघंच असली की ते खिडकीकडे बघून सांगत, “द क्रो इज ऑन द वॉल. द वुमन इज गोइंग टू द मार्केट.” महानंदा भाजी निवडत कानातल्या आवाजातून ऐकत राही. कावळा भिंतीवर आहे. ती स्त्री बाजारात जात आहे.

पूर्वी सर असं कधी बोलत नसत. पूर्वी म्हणायचे, ‘अगं, निघाली बघ तुझी मैत्रीण उनाडायला.’ भाजीत मीठ कमी पडलं तर ताट थोडं पुढे सरकवून नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि त्या ‘हं’मध्ये तिला सगळं ऐकू यायचं. आता ते म्हणत, “देअर इज नो सॉल्ट इन द करी.” वाक्य पूर्ण आणि बिनचूक असायचं. तिने उठून मीठ वाढलं तरी चेहरा तसाच राहायचा.

‘अगं’ कधी गेला ते तिच्या लक्षातच आलं नाही. एके दिवशी मोरीतून हाक ऐकू आली, “प्लीज कम हिअर,” आणि हात पुसत जाताना तिला जाणवलं की बऱ्याच दिवसांत तो शब्द कानावर पडलेला नाही. तिने त्यांच्यासमोर बसून दोन-तीनदा म्हणून दाखवला. अगं, म्हणा की. अगं. सरांनी ओठ जुळवले. “माय वाइफ इज इन द रूम,” ते म्हणाले.

तरीही ती स्वतःला बजावत राही, की मुकं घर होतं ते बोलतं झालं. आणि मग रेवती आली, आणि महानंदाला वाटलं, की अगदी सगळं गेलं असतं तरी ही सही सोन्याची ठरली असती.

*

रेवती त्यांची मुलगी. हुबळीला बियाण्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. तिला एक धाकटा भाऊ होता, शरण. तो बारावीला असताना रेवती त्याला स्कूटरवर मागे बसवून कुर्डुवाडीच्या रस्त्याने मामाकडे निघाली होती. आडवं कुत्रं आलं. तिने ब्रेक दाबला. ती डाव्या बाजूला मातीत पडली, तो उजव्या बाजूला, आणि मागून उसाची ट्रॉली येत होती.

सरांनी तिला एका शब्दाने दोष दिला नाही. दुसराही कोणता शब्द दिला नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेच नाहीत. ती खोलीत आली की ते चप्पल घालून बाहेर पडायचे. ती ताटावर बसली की त्यांचं जेवण झालेलं असायचं. महानंदाने समजावलं, भांडली, एकदा तर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, “मी काही म्हणतोय का तिला?” तेवढंच. रेवतीने हुबळीची नोकरी धरली. सणाला यायची, एखादी रात्र राहून परत जायची. कुठल्याच गाडीच्या हँडलला तिने पुन्हा हात लावला नाही. तिच्याबरोबर काम करणारा बसवराज नावाचा भला माणूस कधीपासून लग्नाचं विचारत होता, पण ती त्याला हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. “मी कुणाचं काय भलं करणार, आई?” एवढंच म्हणायची.

अप्पा बोलायला लागलेत हे कळल्यावर ती शनिवारी सकाळच्या गाडीने आली. उंबऱ्यात थांबली, सवयीने. सरांना आता चप्पल घालून बाहेर पडता येत नव्हतं.

“ये की आत,” महानंदा म्हणाली.

रेवती खुर्चीसमोर जमिनीवर बसली. “अप्पा, कसे आहात?”

सर तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. गळ्याची शीर फुगली. ओठ हलले.

“इट वॉज नॉट युवर फॉल्ट.”

“ती तुझी चूक नव्हती,” कानातली बाई महानंदाला म्हणाली.

रेवतीला कानातल्या बाईची गरज नव्हती. तिने कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं आणि ती अशी रडली, की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. सरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. मूठ वळलेली. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. महानंदाने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, “पुरे, पुरे. झालं आता. संपलं सगळं.”

*

रेवती बदलली ती बघण्यासारखी होती. शरणच्या फोटोला तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हार घातला. पुढच्या खेपेला ती स्टँडवरून भाड्याची स्कूटर घेऊन आली, दारात उभी करून भीत भीत हसली. त्यानंतरच्या खेपेला बसवराजला घेऊन आली. उंच, लाजरा, सोलापुरी वळणाचं मराठी बोलणारा मुलगा. त्याने सरांच्या पायाला हात लावला. सर म्हणाले, “आय अ‍ॅम हॅपी टु मीट यू.” लग्नाची तारीख धरली गेली.

त्याच सुमाराला तपासणीची वेळ आली. डॉ. तांबोळींनी जाळीत साठलेली माहिती उतरवून घेतली आणि पडद्यावर वाक्यांच्या ओळी दिसू लागल्या. काही शब्द निळे होते, काही करडे.

“निळे म्हणजे सरांच्या मेंदूतून स्पष्ट आलेले,” डॉक्टरांनी सांगितलं. “करडे यंत्राने भरलेले. बघा, ‘द ग्लास इज ऑन द टेबल’. ग्लास निळा, टेबल निळा. बाकी करडं. छान चाललंय.”

“त्या दिवसाचं दिसेल का?” महानंदाने हौसेने विचारलं. “रेवती आली त्या दिवसाचं?”

डॉक्टरांनी शोधून काढलं. महानंदाला इंग्रजी येत नसलं तरी अक्षरं लागत होती. नवऱ्याने लग्नानंतर तेवढं शिकवलं होतं. तिने बोट ठेवून एक एक शब्द वाचला. पहिले दोन करडे. मग एक तीन अक्षरांचा, तोही करडा. शेवटचे दोन गडद निळे.

“हा कुठला?” तिने मधल्यावर बोट ठेवलं.

“नॉट.”

“म्हणजे नाही?”

“हो.”

“हा करडा का?”

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. मग खुर्ची मागे घेतली. “महानंदाताई, ‘नाही’ ही मेंदूत वस्तू नसते. साप आहे म्हटलं काय आणि साप नाही म्हटलं काय, मेंदूत आधी सापच उभा राहतो. त्याला नंतर पुसणारी जी हालचाल असते ती फार पुसट असते. सगळ्यांचीच. सरांच्या बाबतीत तर त्या भागालाच मार लागलाय.”

“मग यंत्राने हे कुठून आणलं?”

“ते आजूबाजूचे शब्द बघतं. माणसं एरवी ते कसे वापरतात यावर अंदाज बांधतं. ‘तुझी चूक’ हे शब्द माणसं जास्त करून समजूत घालताना बोलतात. समोरचा रडत असेल, घाबरलेला असेल, तेव्हा.”

“म्हणून यंत्राने त्यात नाही घातलं.”

“शक्यता तशी जास्त होती म्हणून.”

“आणि ह्यांनी?” महानंदाचा आवाज खाली गेला. “ह्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं का नव्हतं?”

“ते मला सांगता येत नाही,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “खरंच येत नाही. म्हटलं असेलही.”

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. “द बस इज ऑन द रोड,” ते म्हणाले. महानंदाने कानातलं यंत्र काढून पिशवीत टाकलं. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. मराठी घेतली असती तर? मराठीत ‘तुझी चूक’ म्हणून झाल्यावरही माणसाला थांबावं लागतं. होती की नव्हती, हे शेवटी येतं, आणि ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं. इंग्रजीत ते मध्येच कुठेतरी येऊन जातं. चूक हा शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधीच ती झालेली नसते.

पण मराठीतही यंत्राने अंदाजच बांधला असता, हेही तिला कळत होतं.

*

तिने घरी त्यांना विचारलं. दार लावून, समोर बसून, साध्या शब्दांत. “रेवतीचं सांगा. शरणचं. तिला माफ केलं ना तुम्ही?”

सरांचे डोळे तिच्यावर रोखले गेले. ओठ सुरू झाले.

“इट वॉज नॉट हर फॉल्ट.”

वाक्य पूर्ण होताच डावी मूठ दांड्यावर आदळली. पहिल्या दिवशी आदळली होती तशीच. महानंदाने या वेळी ती धरली नाही, फक्त बघत राहिली. मूठ पुन्हा आदळली. ओठ पुन्हा जुळले, गळ्याची शीर फुगली, आणि तेच वाक्य त्याच शांत, खणखणीत आवाजात पुन्हा बाहेर आलं. ते म्हणत असताना सर जीभ दातांखाली धरायला बघत होते. जिभेला ते जमत नव्हतं.

तिने डॉक्टरांना फोन केला. “ते भरायचं बंद करता येतं का? तुमचं यंत्र जे मधलं मधलं भरतं, ते?”

“येतं. पण मग साचा उरणार नाही. नुसते सुटे शब्द येतील.”

“येऊ द्या सुटे.”

दवाखान्याची तीच खोली. डॉक्टरांनी काहीतरी खालीवर केलं आणि मान डोलावली. महानंदाने कानातलं यंत्र चढवलं आणि तोच प्रश्न विचारला.

सरांच्या कपाळावर घाम आला. मग एक एक शब्द, विहिरीतून दगड ओढून काढावा तसा.

“शरण,” ते म्हणाले. “स्कूटर. माय सन.” मग डावं बोट वर झालं, वर्गात व्हायचं तसं. “रेवतीज. रेवतीज फॉल्ट.”

“रेवतीची चूक,” कानातली बाई म्हणाली.

डॉ. तांबोळी घाईने पुढे आल्या. “हे लगेच असं धरू नका. बारीक शब्द आता गळणारच. ‘नॉट’ असला तरी तो गळला असेल.”

“तो ‘ज’ बारीकच की,” महानंदा म्हणाली. “रेवतीज मधला. तो कसा आला?”

कोणाचं काय आहे, ते सांगणारं तेवढं एक अक्षर. ते न लावणाऱ्या पोरांना सर बाकावर उभं करायचे.

सर अजून बोलत होते. त्यांनी बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. “माय माउथ,” ते म्हणाले. मग डोक्यावर, जिथे केसांखाली जाळीचा व्रण होता. “मशीन्स. मशीन्स माउथ.” डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. “माय डॉटर. माय सन. माय माउथ.” आणि मग महानंदाकडे बघत, “प्लीज.”

यंत्राचं तोंड. माझी मुलगी. माझा मुलगा. माझं तोंड. कृपया. कानातली बाई सगळं एकाच स्वरात सांगत होती.

महानंदा उठून खिडकीशी गेली. खाली आवारात एक बाई नवऱ्याला धरून रिक्षात चढवत होती. तिला रेवती दिसत होती, दारात स्कूटर उभी करून भीत भीत हसणारी. पत्रिका छापायला गेल्या होत्या. आता घरी जाऊन मुलीला काय सांगायचं? की तुझा बाप तुला एकच गोष्ट इतकी वर्षं सांगायची टाळत होता, आणि आता ती त्याला सांगायचीच आहे?

“कसं ठेवू?” डॉक्टरांनी हळूच विचारलं. “हे आहे तसं ठेवता येईल. बोलणं तुटक राहील, पण जे येईल ते त्यांचं असेल.”

“पहिल्यासारखं करा.”

“ताई—”

“पहिल्यासारखं करा.”

“त्यांना विचारायला हवं. त्यांनी आत्ताच—”

“मी ऐकलं ते.” महानंदा वळली. “माझा एक गेलाय. दुसरी आत्ता कुठे उठून चालायला लागलीय. तिला मी परत त्या रस्त्यावर टाकू का? ह्यांचं वय झालंय. ह्यांनी काय बोलायचं ते मनात बोलावं.”

“मनात बोललेलं आता मनात राहत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तेच वेगळं होऊन बाहेर येतं. हे त्यांना रोज ऐकावं लागेल.”

“मलाही ऐकावं लागेल की.”

त्यांची कायदेशीर पालक म्हणून तिची सही चालत होती. ती तिने केली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. सर महानंदाकडे बघत होते. त्यांच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं, मान ताठ झाली, ओठ उघडले.

“थँक यू, डॉक्टर,” ते म्हणाले.

*

लग्नाच्या आठवड्यात रेवती रजा काढून आली. घरात नारळांचं पोतं आलं होतं, हळदीचा वास होता, बायका गव्हल्या वळायला बसल्या होत्या. सर मधल्या खोलीत खुर्चीत होते. दवाखान्यातून परतल्यापासून ते जवळजवळ बोलतच नव्हते. कावळ्याबद्दल नाही, मिठाबद्दलही नाही. बोलायचं मनात आलं तर वाक्य निघेल म्हणून की काय, ते मनात काही येऊच देत नसावेत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. महानंदा भरवत होती, पुसत होती, पाठीला पावडर लावत होती. ती समोर आली की ते डोळे मिटून घेत.

“अप्पा गप्प का गं?” रेवतीने विचारलं.

“मुलीचं लग्न आहे,” महानंदा म्हणाली. “बापाला जड जातंच.”

संध्याकाळी बायका गेल्यावर रेवती नवी साडी नेसून आली आणि अप्पांच्या समोर बसली. भेटायला आलेल्या बसवराजने रेकॉर्डिंगसाठी फोन समोर उभा करून ठेवला होता. “अप्पा, एकदाच म्हणा,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी म्हणालात ते. मला जपून ठेवायचंय. सासरी कधी वाईट वाटलं तर ऐकेन.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर फुगायला लागली. त्यांनी डावा हात झटकन उचलला आणि तोंडावर घट्ट दाबून धरला.

“काय झालं? दात दुखतोय का?” रेवतीने हात बाजूला करायला पाहिलं. हात निघेना. ती हसली, तिचे डोळे भरून आले. “बघ ना आई. रडू येईल म्हणून तोंड झाकतायत. तू जरा धर ना त्यांचा हात.”

महानंदा हात पुसून पुढे आली. तिने नवऱ्याच्या मनगटाला धरलं. आयुष्यभर खडू धरलेला हात, उजवा गेल्यावर सगळा जोर याच्यातच आला होता. तिने दुसऱ्या हाताने त्यांची बोटं एक एक करून सोडवली. सर तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात खाली आणून तिने तो खुर्चीच्या दांड्यावर टेकवला आणि त्यावर आपला भार टाकला.

“हं,” ती म्हणाली. “म्हणतील आता.”

ओठ उघडले.